पाचवा काळा मणी

हमिदाखालांचं नाव आधी लिहिते. हमिदाखाला, म्हसावदच्या, पटवेकाम करणाऱ्या. मंगळसूत्र, चांदीचे सर, ताईत, रंगीत मणी, माणूस गळ्यात जे काही घालतो ते दोऱ्यात ओवून, रेशमाने गुंडाळून, शेवटी गोंडा लावून देणाऱ्या. नववीत दोन विषय राहिले, शाळा सुटली ती सुटलीच, आणि सहा वर्षं मी कळसाडीला घरात बसून काढली, तेव्हा मला हात दिला तो त्यांनी. काय घडलं ते नंतर सांगते. नेहमी असंच होतं, मी माझी चूक सांगत सुटते आणि ती चूक ज्या बाईने स्वतःच्या अंगावर घेतली तिचं नाव घ्यायचं राहून जातं. म्हणून यावेळी आधी नाव.

परवा इथे राजकोटला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी आली. गाडीवर पळसाच्या फुलांचा ढीग. "केसूडां लो, केसूडां," असं तो माणूस ओरडत होता. इथे ही फुलं रात्रभर पाण्यात भिजवतात आणि त्या पाण्याने पोरांना आंघोळ घालतात. बायका भाव करत होत्या, फुलं कागदात बांधून नेत होत्या. मी हातात दुधाची पिशवी घेऊन उभी राहिले. पळस फुलला म्हणजे फाल्गुन आला. फाल्गुन आला म्हणजे म्हसावदला खालांच्या ओट्यावर डोंगरातल्या बायका येऊन बसल्या असणार. आणि फोन येणार.

फोन त्याच दुपारी आला.

पण आधी तो फाल्गुन. सहा वर्षं झाली त्याला, तरी माझ्यासाठी फाल्गुन म्हटलं की तोच एक आहे. बाकीचे नुसते येऊन गेले.

त्या वर्षी आमच्याकडे कापसाची शेवटची वेचणी उरकली होती आणि ऊस निम्मा तुटला होता. तुटलेल्या उसाच्या रिकाम्या रानातून उत्तरेला बघितलं की सातपुड्याची रांग दिसायची, मळकट निळी, आणि तिच्या पायथ्याशी कोणी निखारे सांडून ठेवल्यासारखा पळस. मी ओट्यावर बसून ते बघत राहायची. दुसरं काम काय होतं मला? माझ्या वयाच्या मुली कॉलेजच्या बसने शहाद्याला जायच्या. बस गेली की मी आत उठून जायची, कोणी विचारायला नको. आई हे सगळं बघत होती. एक दिवस तिचं मंगळसूत्र ओवायला झालं होतं, तर मला म्हणाली, "घरमा बशीसन काय माशा मारशी? चाल मन्हासंगे."

खालांचं घर म्हसावदच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढची खोली हेच दुकान. भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला कुणाचं तरी काहीतरी टांगलेलं. खाली सतरंजी, सतरंजीवर खाला, एक पाय लांब केलेला, पायाच्या अंगठ्यात दोऱ्याचा फास. अंगठा म्हणजेच त्यांची खुंटी. अंगठ्यापासून दातांपर्यंत दोरा ताणलेला आणि मध्ये दोन हात इतके भराभर चालायचे की रेशीम आपणहून गुंडाळलं जातंय असं वाटावं. खोलीत मेणाचा वास. दोऱ्याला मेण लावलं की तो मण्यांच्या भोकात फुलत नाही, हे मला पुढे कळलं.

आईने मंगळसूत्र काढून दिलं. गळा मोकळा नको म्हणून खालांनी आधी तिच्या गळ्यात हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घातला आणि मगच मंगळसूत्र हातात घेतलं. आमच्याकडच्या सगळ्या शेतकरी घरांतल्या बायका त्यांच्याकडेच यायच्या. सवाष्णीचा गळा क्षणभरही उघडा राहू नये याची काळजी माझ्या आज्जीपेक्षा हमिदाखालांना जास्त. ओवता ओवता त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हाई तुन्ही आंडेर का? काय करस?"

"काहीच नही," आई म्हणाली. "शाळा सोडी दिधी. बशी शे."

"हात देखाड वं."

मी हात पुढे केले. त्यांनी बोटं दाबून बघितली, बाजारात भेंडी बघतात तशी. "कापूस वेचाना हात शेत," त्या म्हणाल्या. "चालतीन. कापूस वेचणारीले बोंडना काटा समजस. उद्यापासून ये. आनि डबा लई ये, मी काय रोज खावाले घालसू नही."

दुसऱ्या दिवशी मी डबा नेला. त्यांनी माझा डबा बाजूला ठेवला आणि स्वतःच्या ताटातलं मला वाढलं. पुढे तेच रोज. माझा डबा त्यांच्या नातीला, सनाला, आवडायचा.

पहिला आठवडा मला फक्त मेण लावायला दिलं. मग गोंडे. मग एक दिवस त्यांनी ओवायचा नियम सांगितला. जुना हार नव्या दोऱ्यात घ्यायचा असला तर जुना दोरा तोडायचा नाही. जुन्याच्या टोकाला नवा दोरा बांधायचा, गाठ इतकी बारीक की मण्याच्या भोकातून जावी, आणि एकेक मणी जुन्यावरून नव्यावर सरकवत न्यायचा. शेवटचा मणी नव्या दोऱ्यावर आला की मगच जुना मोकळा करायचा आणि घडी घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. फेकायचा नाही.

"मणीले आपली जागा ठाऊक ऱ्हास," त्या म्हणाल्या. "आपीन फक्त सरकावानं."

मी हो म्हणाले. मला वाटलं होतं समजलं.

एकदा शहरातून काही मंडळी आली होती, हातात कॅमेरे, गळ्यात लाकडी मण्यांच्या माळा. त्यांनी खालांना विचारलं, तुम्हाला या रंगांची कल्पना कुठून सुचते? खालांनी अंगठ्यातला फास न काढता उत्तर दिलं, "गिऱ्हाइकनी मान देखीसन." ती मंडळी हसली, वहीत लिहून घेतलं. त्यांना वाटलं गंमत केली. पण ते खरं होतं. मी बघितलंय. बाई ओट्यावर चढली की खाला आधी तिचा गळा बघायच्या. उन्हात रापलेला आहे का, हाडं वर आलीत का, ही बाई डोक्यावरून ओझं वाहते का, म्हणजे दोरा कुठे घासणार. मग गप्पा. कुठली, किती मुलं, माहेर कुठलं. आणि बोलता बोलता हात मागे जाऊन एखादी रेशमाची लड उचलायचा. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पसरतात ना, त्यातल्या तिसऱ्या दिवसाच्या मिरचीचा एक लाल त्या वापरायच्या. पहिल्या दिवसाची मिरची ओली लाल असते, आठव्या दिवसाची काळसर. त्यांना तिसऱ्याचाच हवा असायचा. रंगाऱ्याकडे मिरची घेऊन जायच्या आणि त्याच्यासमोर ठेवायच्या. कापसाच्या फुलाचा पण एक रंग होता, पहिल्या दिवशी पिवळट, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं त्या मधल्या वेळेचा. नव्या सुनेच्या हाराला तो.

मी विचारलं होतं, खाला, हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "डोया उघडा ठेव, बस." आता हे वाक्य लिहिताना हात थांबतो.

होळीच्या आधीचे दहा-बारा दिवस म्हणजे खालांचा खरा हंगाम. भोंगऱ्या बाजार भरायचे, डोंगरातून जीप भरभरून माणसं उतरायची. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जायचं म्हणून बायका घरातली सगळी चांदी, सगळे मणी बाहेर काढायच्या आणि ओवायला घेऊन यायच्या. त्या गर्दीत एक दिवस जात्रीबाई आली. काठीच्या अलीकडच्या पाड्यावरची, पन्नाशीची, पायात चप्पल नाही. तिच्या मुलाने त्या वर्षी नवस घेतला होता, तो होळीत बुध्या होऊन नाचणार होता, अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे. त्याचं घरातलं व्रत चालू होतं म्हणून तीही अनवाणी. तिची आई त्याच हिवाळ्यात गेली होती आणि आईच्या गळ्यातला हार फडक्यात बांधून तिने आणला होता. दोरा तुटायला आला होता. हा हार घालून तिला मुलाचा नाच बघायचा होता.

हे सगळं मला नंतर कळलं. ती खालांशी बोलत होती तेव्हा मी चहा आणायला गेले होते. परत आले तोवर ती निघाली होती आणि फडकं खिळ्यावर टांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाला कुणाच्या तरी घरी मयताला गेल्या. जाताना म्हणाल्या, "गोंडा पुरा कर, तवलग येस मी." गोंडे माझे लवकर झाले. मी ते फडकं काढलं. मला वाटलं, आपण हा हार करून ठेवू, खाला येतील आणि बघत राहतील. कुणीतरी माझं काहीतरी बघत राहावं अशी मला फार भूक होती तेव्हा. नापास मुलीलाच ती कळेल.

हार तेलकट होता. दोरा काळा, घामाने चिकट, मधे मधे गाठी. मणी कसेही ओवलेले, काही मेळ नाही. एक पोवळं, एक निळा काचेचा, एक कवडी, एक शर्टाचं पांढरं बटण, अधूनमधून चांदीचे, आणि त्यांच्यामध्ये कुठेही काळे मणी. मला वाटलं, बिचारीला ओवता आलं नाही. नियम आठवला नाही असं नाही. आठवला. पण नियम व्यवस्थित हारासाठी असेल, हा तर नुसता गुंता आहे, असं मी मनाशी म्हटलं. कात्री घेतली आणि दोरा चार ठिकाणी तोडला. मणी गरम पाण्यात धुतले. काळा दोरा चुलीत टाकला. मग शाळेत शिकवतात तसं सगळं लावलं. मोठे मध्ये, लहान कडेला. चांदीचे समान अंतरावर. आणि काळे मणी होते पाच, ते शोभत नव्हते म्हणून सगळे एका टोकाला, मागे मानेखाली जातील, केसांत झाकतील असे.

छान दिसत होता. खरंच छान दिसत होता, ते अजून सलतं.

खाला आल्या. हार बघितला. माझ्याकडे बघितलं नाही.

"दोरा कोठे शे?"

"चूलमा टाका."

त्या सतरंजीवर बसल्या. मग म्हणाल्या, "काय कयं वं नंदा, हाई काय कयं तू."

तेव्हा त्यांनी सांगितलं. जात्रीबाईच्या आईला लिहिता येत नव्हतं. लग्नात नवऱ्याने आणलेला चांदीचा मोठा मणी तिने पहिला ओवला. मग प्रत्येक मूल झालं की एक मणी, हाताला येईल तो. सात मुलं. आणि त्यातलं जे जे गेलं त्याच्या शेजारी एक काळा मणी. हार म्हणजे तिच्या घरातली सगळी माणसं होती, आलेली आणि गेलेली, आल्या-गेल्याच्या जागेवर. मी ती धुतली, उंचीप्रमाणे उभी केली आणि मेलेली सगळी एका कोपऱ्यात नेऊन लपवली.

जात्रीबाई बाजाराच्या दिवशी आली. हार हातात घेतला, बोटं एका टोकापासून चालवत गेली, थांबली, परत मागे आली. मी खोलीच्या आतल्या दारात उभी होते.

"हाऊ हार मन्ही मायना नही," ती म्हणाली.

खालांनी अंगठ्यातला फास काढला. उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकापुढे त्या कधी उभ्या राहिलेल्या मी बघितल्या नव्हत्या. "चूक मन्ही शे, बाई," त्या म्हणाल्या. "दोरा मी तोडा. मन्हा डोया आते ठिकाने नही."

त्यांचे डोळे तेव्हा चांगले होते. जात्रीबाईने त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, मग आत माझ्या हातांकडे, ज्यांच्यावर गोंड्यांचा लाल रंग होता. तिला कळलं असणार. मणी दोऱ्यातून काढून फडक्यात बांधून घेतले आणि गेली. मुलाचा नाच तिने मोकळ्या गळ्याने बघितला. मी काठीला गेले नाही, पण मला दिसतं ते. रात्रभर ढोल, हजारो माणसं, पहाटे पेटलेली होळी, आणि त्या गर्दीत एक मोकळा गळा.

दुसऱ्या दिवशी मी येणारच नव्हते. आईने विचारलं तर काय सांगायचं म्हणून आले. खालांनी नेहमीसारखं ताट वाढलं, आणि जेवण झाल्यावर कात्री माझ्या हातात दिली. कात्री. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, "कात्रीनी काय चूक शे? धर." मी रडत रडत गोंडे कापले. त्या दिवशीचे गोंडे सगळे वाकडे झाले, ते त्यांनी स्वतःच्या उशीला लावले.

पुढच्या फाल्गुनात जात्रीबाई परत आली. बांबूच्या एका बारीक काडीवर मणी क्रमाने ओवून आणले होते. तिची थोरली बहीण रायली, आईच्या शेवटच्या दिवसांत तीच जवळ होती, आईच्या गळ्यातून हार तिनेच काढला होता. तिने मणी सुपात मांडून एकेक सांगितला. पोवळं म्हणजे रायली स्वतः. कवडी गेली, तिच्या शेजारी काळा. निळा जगला नाही, काळा. असे सातही. शेवटची जात्री, हिरवी, तिच्या आधीचं बटण म्हणजे भाऊ. भाऊ वीस वर्षांमागे उसाच्या टोळीबरोबर गुजरातेत गेला तो आला नाही. चार मुलं गेली, चार काळे मणी आपापल्या जागी बसले. पाचवा जात्रीबाईच्या हातात उरला.

"तो कोना?" खालांनी विचारलं.

तो एक तर आईच्या आधी गेलेल्या बापाचा, म्हणजे चांदीच्या मोठ्या मण्याशेजारी. नाहीतर भावाचा, बटणाशेजारी. भावाची वाट बघणं आईने जाता जाता सोडलं होतं का, एवढाच प्रश्न होता. दोन्ही जागा हाराच्या दोन टोकांना, आईच्या केसांखाली, जात्रीने कधी बघितलेल्या नाहीत; रायलीने बांधून दिलेलं फडकं तिने किंवा खालांनी सोडलंच नव्हतं. रायलीने बघितल्या होत्या.

"ती बोलनीच नही," जात्रीबाई म्हणाली. "मणी धरा नि मूठ मिटी लिधी, मंग मन्हा हातमा परत ठेवा. पुढली होळीले सांगसू म्हने."

खालांनी हार नव्या दोऱ्यात घेतला, तिसऱ्या दिवसाच्या मिरचीच्या लालात, पण शेवटची गाठ मारली नाही. पाचवा मणी सुटा ठेवून हार खिळ्यावर टांगला. गाठ मारली की पुन्हा मणी घालता येत नाही.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. माझे यजमान इथे राजकोटला खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात, ओतकामावर. मीही इथेच दुसऱ्या एका कारखान्यात ओवायला बसते. ओवायला येतं म्हटल्यावर लगेच घेतलं, तेही खालांचंच देणं. इथे अंगठ्यात फास नाही, टेबलावर पट्टी आहे, पट्टीत खाचा आहेत, खाचांत मणी मोजून बसतात. चुकायला जागाच नाही. दर होळीला खालांचा फोन यायचा, सना फोन धरायची. "रायली काय म्हनस?" मी विचारायची. "मूठ उघडी नही," खाला म्हणायच्या, म्हणजे अजून सांगितलं नाही. दरवर्षी गिऱ्हाईक कमी झालेलं असायचं. बाजारात तयार हार येतात आता, रंगीत, हलके, तुटले तर दुसरा घ्यायचा. ते हार कुठून येतात हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

या महिन्यात तर आमच्या टेबलावर नवीनच काम आलंय. शेठने मोबाईलवर एक फोटो दाखवला. कुठल्याशा डोंगरातल्या बाईचा गळा, चेहरा कापलेला, गळ्यात हार. "आवो ज जोईए, होळी पहेलां," असाच हवा, होळीच्या आधी, असं म्हणून गेला. आम्ही आठ जणी तो हार बनवतोय. प्लास्टिकचं पोवळं, प्लास्टिकची कवडी, आणि दर तिसऱ्याला एक काळा मणी. फोटोतल्या बाईच्या हारात काळे मणी कसेही होते. शेठने ते सारखे करून घेतले. शोभत नव्हते.

"नंदाबेन, हाथ चलावो ने," देखरेखीची बाई ओरडते. मी हात चालवते. दिवसाला किती काळे मणी ओवते मी, आणि कोणाचे, कोणी मेलेलं नसताना.

तर परवा दुपारी फोन आला. पळसाची फुलं बघून आले होते त्याच दुपारी. सनाने फोन धरला होता, आवाज खालांचा.

"नंदा, रायली गयी. जात्रीबाई आठे बशी शे मन्हापाशी. मूठ उघडी नही तिनी, तशीच गयी." मग म्हणाल्या, "माले आते काही दिखत नही बेटा. सुईनं नाकं बी दिखत नही. पन हाऊ एक हार पुरा करना शे. आते देखेल मानूस तूच एक ऱ्हायनी. तू हातमा धरा व्हता. बटनना बाजूले काया मणी व्हता का नही, इतलंच सांग."

मी. तो हार जसा होता तसा बघितलेली जगात मी एकटी उरले आहे. कात्री लावायच्या आधी मी तो दोन्ही हातांत धरला होता, उजेडाकडे केला होता. बटण बघितलं होतं. हे बटण कशाला ओवलं असेल, असं म्हणून हसले सुद्धा होते. त्याच्या शेजारी काय होतं?

मी म्हटलं, उद्या सांगते खाला.

तेव्हापासून मी ते बटण बघतेय. भाकरी थापताना बघते, टेबलावर बघते. कधी त्याच्या शेजारी काळा असतो, स्पष्ट, तेलकट, चमकणारा. मग मी डोळे मिटते, परत बघते, तर तिथे चांदीचा असतो. जितकं आठवते तितकं ते पुसलं जातं, पाटीवर ओला हात फिरवावा तसं. शाळेतही हेच व्हायचं माझं. येत असलेलं उत्तर बाई जवळ आल्या की जायचं.

एकदा वाटलं, सांगून टाकावं. नव्हता म्हणावं. बापाच्याच बाजूला होता म्हणावं. एका बाईला तिचा भाऊ आईच्या गळ्यात जिवंत मिळेल, खालांच्या हातून काम पुरं होईल, कोणाचं काय बिघडणार? फोनवर तसं बोलून आवाज भरला सुद्धा. "नव्हता, खाला." ऐकून बघितला. मग पुसला. एकदा मी मण्यांना माझ्या मनाने जागा दिली होती, दुसऱ्यांदा नाही देणार. आणि मी इथे गुजरातेतच बसले आहे, उसाच्या टोळीबरोबर गेलेला तो भाऊ याच मुलखात कुठेतरी. घरच्यांनी त्याच्या बाजूला काळा ओवला की नाही, हे त्याला तरी कुठे माहीत असेल.

काल सांगितलं. "माले आठवत नही, खाला."

पलीकडे कुणीतरी खोकलं, जात्रीबाई असेल. मग खाला म्हणाल्या, "बरं कयं. खोटं सांगती तं मन्हा कानले समजतं."

आज सनाने सांगितलं ते असं. जात्रीबाई हार घेऊन गेली. गाठ न मारलेला. खालांनी त्याची दोन टोकं पिवळ्या दोऱ्याने जोडून दिली, सवाष्णीचं मंगळसूत्र ओवायला घेतात तेव्हा तात्पुरता घालतात त्या दोऱ्याने, नुसत्या बोटांनी चाचपून. पाचवा मणी जात्रीबाईने मुठीत घेतला, बहिणीसारखा. जीपमध्ये बसताना तिने एका हाताने दांडी धरली, दुसरी मूठ मिटलेलीच होती. आणि खिळे काढायला सांगितलेत खालांनी, भिंतीवरचे सगळे. एक ठेवा म्हणाल्या. सनाने विचारलं, एक कशाला? तर म्हणाल्या, "गाठ नंदा मारी. ती ईल तवय हार कोठे टांगाना?"

सुट्टी मागितली तर होळीनंतर बघू म्हणतात. होळीनंतर पळस गळून जातो. यजमानांचा हात ओतकामात भाजलाय, दोघांपैकी एकाला तरी जावं लागतं कामावर. आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, इथे लिहिते. या दिव्याखाली बसून माझ्याही डोळ्यांना बारीक भोक दोन-दोन दिसायला लागलंय. मी सुई आता अंदाजाने ओवते.

खाला, तुम्ही माझ्यासाठी गिऱ्हाइकापुढे उभ्या राहिलात. जे डोळे चांगले होते त्यांना खोटे म्हणालात, आणि आता ते खरे झाले. एका फाल्गुनात मी येईन. डबा आणीन. अंगठ्यात फास अडकवून तुमच्या जागेवर बसेन आणि जात्रीबाई सांगेल त्या जागी मणी सरकवीन, आणि तिने नाही सांगितलं तर तुमच्यासारखीच वाट बघेन. दिसत असेल तोवर येईन. नसेल दिसत तर बोटांनी चाचपून, पण ती गाठ मीच मारीन.